बाकालारचे जिवंत खडक आणि काठामागचे पाणी

जून २०२० मध्ये जगाच्या दोन टोकांना असलेल्या दोन सरोवरांनी आपला रंग बदलला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि टाळेबंदीमुळे घरात अडकलेल्या महाराष्ट्राने ते दृश्य दूरचित्रवाणीवर कुतूहलाने पाहिले. त्याच महिन्यात मेक्सिकोच्या आग्नेय कोपऱ्यातील बाकालार सरोवराचे निळेशार पाणी गढूळ, तपकिरी झाले. लोणारचे कोडे लवकर उलगडले. क्षारांचे प्रमाण वाढल्याने फोफावलेल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याची ती किमया असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले आणि पुढे पाण्याचा गुलाबीपणा ओसरला. बाकालारचे दुखणे मात्र चिवट निघाले. तेथील पाण्याला पूर्वीची नितळता येण्यास कित्येक महिने लागले, आणि ती सर्वत्र सारख्या प्रमाणात परतली नाही.

एखाद्या पर्यटनस्थळाचे पाणी काही काळ गढूळ झाले, तर त्यात एवढे गंभीर काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बाकालारच्या तळाशी आणि काठाशी आहे. पृथ्वीवरील सजीवांच्या सर्वांत जुन्या खुणांशी नाते सांगणारे स्ट्रोमॅटोलाइट तेथे आजही जिवंत आहेत आणि ते पाहण्यासाठी जगभरातून माणसे येतात. या खडकांना धोका नेमका कोणापासून आहे, पाहायला येणाऱ्यांपासून की सरोवराच्या नजरेआड चाललेल्या व्यवहारांपासून, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत तेथे ऐरणीवर आला आहे. त्याचे उत्तर शोधताना जे दिसते, ते मेक्सिकोपुरते मर्यादित नाही.

बाकालार हे किंताना रो राज्यात, बेलिझच्या सीमेजवळ आहे. कानकुनच्या प्रसिद्ध किनाऱ्यापासून ते तीनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेस, तर राज्याची राजधानी चेतुमालपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर आहे. सरोवराची लांबी चाळीस किलोमीटरहून अधिक, रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी एक-दोन किलोमीटरच. पांढरा चुनखडीचा तळ, कोठे गुडघाभर पाणी तर कोठे एकदम खोल जाणारे नैसर्गिक कुंड, यामुळे एकाच पाण्यात निळ्याच्या नाना छटा दिसतात. म्हणूनच त्याला ‘सात रंगांचे सरोवर’ म्हणतात. काठावरच्या गावात अठराव्या शतकात समुद्री चाच्यांपासून रक्षणासाठी बांधलेला सान फेलिपेचा किल्ला आहे. २००६ मध्ये मेक्सिको सरकारने या गावाला ‘जादुई गाव’ हा पर्यटन दर्जा दिला आणि तोवर शांत असलेल्या बाकालारकडे पर्यटकांचा ओघ सुरू झाला. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या जेमतेम साडेबारा हजारांच्या घरात होती, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावे.

पर्यटक येथे काय पाहतो? पहाटे वारा पडलेला असताना छोटी वल्ह्याची होडी घेऊन निघाले, की काठालगत पाण्याखाली करड्या-पिवळसर रंगाचे गोल उंचवटे दिसू लागतात. काही फुलकोबीच्या गड्ड्यासारखे, काही सपाट माथ्याच्या चौथऱ्यासारखे, तर काही पाण्याबाहेर डोके काढून उन्हात वाळलेले. सरोवराच्या दक्षिण भागात ‘लॉस रापिदोस’ नावाची अरुंद चिंचोळी वाट आहे. तेथे पाण्याला ओढ असते आणि दोन्ही बाजूंना या खडकांच्या रांगा लागलेल्या असतात. ज्याला माहिती नाही, त्याला हे साधे खडक वाटतात. पोहून दमलेला माणूस सहज त्यांच्यावर उभा राहतो. अनर्थाची सुरुवात तेथून होते, कारण ज्याला तो दगड समजतो, त्याची वरची कातडी जिवंत असते.

स्ट्रोमॅटोलाइट या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘थरांचा दगड’ असा. जर्मन भूशास्त्रज्ञ अर्न्स्ट काल्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये हा शब्द रूढ केला. दगडाच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचा एक पातळ, बुळबुळीत थर असतो. त्यातील सायनोबॅक्टेरिया म्हणजे नीलहरित जीवाणू सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यासाठी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो कमी झाला, की पाण्यात विरघळलेला चुना घनरूप होऊन त्यांच्या अंगाखांद्यावर साचतो. चिकट थरात पाण्यातील बारीक कणही अडकतात. प्रकाश मिळावा म्हणून जीवाणू त्या साक्यावर पुन्हा वर सरकतात, नवा थर धरतात आणि खालचा थर दगड होतो. हे शतकानुशतके चालू राहते. बाकालारमध्ये स्पष्ट थर असलेल्या रचना आहेत, तशाच थरांऐवजी गुठळ्यांच्या बनलेल्या रचनाही आहेत. शास्त्रज्ञ या सर्वांना मिळून ‘मायक्रोबियलाइट’ म्हणतात.

या रचनांचा वंश फार जुना आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट अश्मरूपात सापडले आहेत. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू मिसळला तो अशाच सूक्ष्मजीवांच्या अखंड उद्योगातून. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी त्याचे प्रमाण वाढू लागले आणि पुढे प्राण्यांच्या जन्माला जागा झाली. भारतातही हे खडक आहेत. राजस्थानात चितोडगडजवळच्या भोजुंदा येथे आणि उदयपूरजवळच्या झामरकोटडा येथे स्ट्रोमॅटोलाइटचे संरक्षित उद्यान आहे. पण ते अश्म आहेत; त्यांचे कर्तृत्व कधीच संपले. आज हे काम जिवंतपणी चालू असलेल्या जागा जगात मोजक्याच आहेत. गोगलगायींसारखे चरणारे प्राणी आल्यावर हे थर खाल्ले जाऊ लागले आणि स्ट्रोमॅटोलाइट माघार घेत गेले. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे येथील हॅमेलिन पूलमध्ये ते टिकले, कारण तेथील पाणी समुद्राच्या सुमारे दुप्पट खारट आहे आणि चरणाऱ्या प्राण्यांना ते मानवत नाही. बाकालारचे वैशिष्ट्य असे, की येथले पाणी गोडे आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भूशास्त्रीय अभ्यासाने सरोवराच्या काठाने दहा किलोमीटरहून अधिक पसरलेल्या या रचनांची नोंद केली. गोड्या पाण्यातील अशा रचनांत त्या जगातील सर्वांत मोठ्यांपैकी आहेत. काही तीन मीटरपर्यंत उंच आहेत.

खारट पाण्याचे संरक्षण नसताना त्या येथे कशा वाढल्या? याचे मुख्य उत्तर पाण्यातच आहे. बाकालारला पाणी मिळते ते प्रामुख्याने भूगर्भातून. चुनखडीतून झिरपत येताना ते चुन्याने संपृक्त होते आणि त्यात नायट्रोजन, फॉस्फरस ही पोषक द्रव्ये फार थोडी असतात. चुना मुबलक असल्याने दगड बनतो. पोषण तुटपुंजे असल्याने इतर शेवाळे माजत नाही. पाणी नितळ असल्याने प्रकाश तळापर्यंत पोहोचतो. या तीन गोष्टींचा मेळ म्हणजेच बाकालार. यातील एक जरी ढळली, तरी सारे गणित बिघडते.

आता धोक्यांकडे वळू. डोळ्यांना दिसणारा पहिला धोका अर्थातच पर्यटकांच्या पायांचा. खडकावर उभे राहणे, त्याला होडी बांधणे, बोटीच्या लाटा, अंगाला लावलेली सनस्क्रीन मलमे या साऱ्यांमुळे वरचा जिवंत थर खरवडला जातो. असा ओरखडा किती काळ टिकतो, याचा दाखला हॅमेलिन पूलमध्ये मिळतो. पूर्वी तेथून लोकर जहाजांपर्यंत नेणाऱ्या गाड्यांच्या चाकांचे माग कित्येक दशकांनंतरही स्ट्रोमॅटोलाइटवर स्पष्ट दिसतात. तेथील खडक वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढतात. पर्यटकाचा एक क्षण आणि खडकाचे शतक यांचा हिशेब असा विषम आहे.

या धोक्याची जाणीव बाकालारच्या लोकांना नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. काठावर ‘स्पर्श करू नका’ असे फलक आहेत. अनेक ठिकाणी लाकडी पायवाटा बांधल्या आहेत. वाटाडे सनस्क्रीन न लावण्याचा आग्रह धरतात आणि बुधवारी पर्यटक बोटी बंद ठेवून सरोवराला विश्रांती देण्याची प्रथा तेथे रुजली आहे. ज्यांचे पोट सरोवरावर आहे, ते सरोवराची काळजी घेतात, हे चित्र आशादायक आहे. तथापि, २०२० च्या जूनने या साऱ्या व्यवस्थेची मर्यादा उघडी पाडली. मेक्सिकोतही तेव्हा साथीचे निर्बंध होते. पर्यटन जवळजवळ ठप्प होते. खडकांवर पाय ठेवायला कोणी नव्हते, बोटी काठाला लागलेल्या होत्या. आणि नेमक्या त्याच काळात सरोवराचा रंग गेला.

त्या महिन्यात क्रिस्तोबाल या उष्णकटिबंधीय वादळाने युकातान द्वीपकल्पावर अतोनात पाऊस पाडला. एरवी जमिनीत मुरणारे पाणी पृष्ठभागावरून वाहू लागले आणि एस्तेरो दे चाक या ओढ्यावाटे माती, कुजलेला पाचोळा आणि शेतजमिनीवरून धुपून आलेला गाळ घेऊन सरोवरात शिरले. पाऊस पूर्वीही पडत होता, हे खरे. पण पाऊस ज्या जमिनीवर पडतो, ती पूर्वीची राहिलेली नाही. बाकालारच्या पश्चिमेचे जंगल गेल्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणावर साफ झाले. मेनोनाइट पंथीयांच्या वसाहतींनी तेथे जमिनी घेऊन यांत्रिक शेती उभी केली, आणि त्यांच्यावर बेकायदा जंगलतोडीचे आरोप झाले. परंतु सारा दोष एका समाजावर टाकणे सोयीचे असले, तरी अपुरे आहे. जमीन विकणारे वा भाड्याने देणारे, चराऊ कुरणांसाठी झाडे तोडणारे आणि सोयाबीनला बाजार मिळवून देणारे दुसरे होते. १९९२ च्या घटनादुरुस्तीनंतर मेक्सिकोत ‘एहिदो’ म्हणजे गावाच्या सामुदायिक जमिनी व्यक्तींच्या नावे करणे व विकणे शक्य झाले, हेही या बदलामागचे एक कारण आहे. द्वीपकल्पातील माया समाज या शेतीविरुद्ध न्यायालयात गेला होता. २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कांपेचे व युकातान या शेजारच्या राज्यांत जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनचा परवाना, माया समाजाशी सल्लामसलत होईपर्यंत, स्थगित केला. म्हणजे पाण्याचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नापासून वेगळा नाही, हे तेथील साध्या शेतकऱ्याने फार आधी ओळखले होते.

दुसरा न दिसणारा धोका गावाच्या पोटात आहे. युकातान द्वीपकल्पात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत. सच्छिद्र चुनखडीमुळे पडलेले पाणी थेट खाली जाते आणि भुयारी वाटांनी दूरवर पोहोचते. त्यामुळे शोषखड्ड्यात सोडलेले सांडपाणी, शेतात टाकलेले खत आणि फवारलेली औषधे यांना गाळून घेणारी जाड माती तेथे नाही. साडेबारा हजारांच्या गावाने हजारो पाहुण्यांची सोय करायची ठरवली, तेव्हा हॉटेले आणि अतिथिगृहे झपाट्याने उभी राहिली. मलनिस्सारणाच्या नळांची वाढ मात्र त्या वेगाने झाली नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील लुईसा फाल्कोन आणि त्यांचे सहकारी तसेच चेतुमाल येथील ‘एकोसुर’ या संशोधन संस्थेतील अभ्यासक या वाढत्या पोषक द्रव्यांविषयी अनेक वर्षे इशारा देत आहेत. पोषण वाढले, की भरभर वाढणारे शेवाळे खडकावर पसरते, त्याचा प्रकाश अडवते आणि ज्या सूक्ष्मजीवांनी दगड घडवायचा, ते मागे पडतात. येथे कोणाचा पाय लागत नाही, ओरखडा दिसत नाही, छायाचित्रात काही सापडत नाही. पण खडक घडणे थांबते.

या पार्श्वभूमीवर ‘त्रेन माया’ या रेल्वेचा विचार करावा लागतो. तत्कालीन अध्यक्ष आंद्रेस मान्युएल लोपेझ ओब्राडोर यांचा हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प. सुमारे १,५५० किलोमीटरच्या या मार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये उरलेले टप्पे खुले होऊन बाकालारही रेल्वेच्या नकाशावर आले. या प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांनी जंगलतोडीचा, भूमिगत गुहांचा आणि माया समाजाच्या संमतीचा मुद्दा मांडला. समर्थकांचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. किंताना रोच्या उत्तरेकडे कानकुनच्या रूपाने पैशाचा पूर आला, दक्षिणेकडे मात्र तो पोहोचला नाही. तेथील तरुणाने रोजगारासाठी उत्तरेला जाऊन हॉटेलात भांडी घासावीत आणि दक्षिणेचे सरोवर बाहेरच्यांसाठी जपून ठेवावे, हे कोणत्या न्यायात बसते? हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच रेल्वे हवी की नको, या वादात अडकून पडण्याऐवजी आता विचारायला हवे ते असे, की रेल्वेने येणाऱ्या माणसामागे किती सांडपाणी येणार, ते कोठे जाणार, आणि त्याची व्यवस्था आधी होणार की नंतर? कानकुन आणि तुलुमच्या अनुभवाने दाखवले आहे, की ‘नंतर’ हा शब्द या भागात फार महागात पडतो.

यातील मेख अशी, की या प्रश्नाला एकच एक धनी नाही. मेक्सिकोच्या राज्यघटनेनुसार सरोवराचे पाणी राष्ट्राचे. त्याची जबाबदारी राष्ट्रीय जल आयोगाकडे. सांडपाणी नगरपालिकेचे, आणि बाकालारची स्वतंत्र नगरपालिका २०११ मध्ये अस्तित्वात आली, म्हणजे तिचा अनुभव आणि तिजोरी दोन्ही तोकडी. जमीन एहिदोची किंवा खासगी मालकाची, जंगल पर्यावरण खात्याचे, पर्यटनाचा प्रचार राज्याचा आणि रेल्वे केंद्र सरकारची. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत बरोबर असतो. पाणी मात्र हद्द जाणत नाही. अशा वेळी ज्याच्यावर नियम लादणे सर्वांत सोपे, त्याच्यावर ते लादले जातात. तो म्हणजे पर्यटक आणि वल्ही मारणारा गरीब होडीवाला. त्यांना शिस्त लावणे आवश्यकच आहे. पण तेवढे करून सरोवर वाचवल्याचे समाधान मानणे, म्हणजे उंबऱ्याशी चपला काढायला लावून मागचे दार उघडे ठेवण्यासारखे आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. साडेतीन अब्ज वर्षे टिकलेल्या, उल्कापात आणि हिमयुगे पाहिलेल्या या जीवांना एका गावाच्या सांडपाण्याने काय होणार? सूक्ष्मजीव म्हणून ते टिकतील, यात शंका नाही. मात्र जीव टिकणे आणि खडक घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगात सायनोबॅक्टेरियांना तोटा नाही; आपल्या गावतळ्यातील हिरव्या तवंगातही ते आहेत. दुर्मीळ आहे ती परिस्थिती, ज्यात ते दगड घडवतात. बाकालारला ती परिस्थिती काही हजार वर्षे लाभली. ती आपण एका पिढीत घालवणार का, एवढाच प्रश्न आहे.

आणि येथे आपल्याला पुन्हा लोणारकडे यावे लागते. बाकालारचे पाणी गोडे आणि लोणारचे खारे, अल्कधर्मी. एक चुनखडीतले तर दुसरे उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या विवरातले. तरीही दोन्ही सरोवरांचे वेगळेपण सूक्ष्मजीवांमुळे आहे आणि ते सूक्ष्मजीव पाण्याच्या रसायनावर अवलंबून आहेत. लोणारला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, विवराभोवती संरक्षण आले. पण गावाचे सांडपाणी विवरात उतरते ही तक्रार त्याहून कितीतरी जुनी आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्यात वेळोवेळी लक्ष घालावे लागले. तेथेही पर्यटकासाठीचे फलक लावणे सोपे गेले, गटाराचे पाणी वळवणे अवघड. सरोवराची सीमा काठावर संपत नाही. जेथून त्यात पाणी येते, तेथवर ती जाते, हे तत्त्व कागदावर मान्य करूनही अमलात आणताना आपण सारेच अडखळतो.

बाकालारला जावे की जाऊ नये, असा प्रश्न कोणी केला, तर जावे, असेच उत्तर द्यावे लागेल. पाहिल्याशिवाय आस्था निर्माण होत नाही, आणि पर्यटकांचा पैसा नसता, तर सोयाबीनपुढे सरोवराची बाजू मांडायला गावात कोणी उरले नसते. बिनमोटारीच्या होडीने जावे, खडकापासून हातभर दूर राहावे, बुधवारी सरोवराला सुटी द्यावी. पण मुक्कामाच्या ठिकाणी एक प्रश्न अवश्य विचारावा : येथले सांडपाणी कोठे जाते? हा प्रश्न रोज शंभर पाहुण्यांनी विचारला, तर मालकाला, मग नगरपालिकेला आणि शेवटी शासनाला त्याचे उत्तर द्यावे लागेल. आज काठावरच्या फलकांवर पर्यटकाने काय करावे, हे लिहिलेले आहे. शासनाने काय करावे, हे सांगणारा फलक मात्र अजून कोणी लावलेला नाही.